दुधाचं निमित्त

सातारा
रविवार, 24 ऑगस्ट 2025

चि. दादूस अनेक आशीर्वाद.

तुझा फोन ठेवला आणि लिहायलाच बसले. बाबा म्हणाले, आत्ता तर बोललीस, आता पुन्हा काय? पण ते काय बोलणं होतं का! सात मिनिटं. त्यात आजीला ऐकू येत नाही म्हणून तू ओरडणार, मग ताई फोन हिसकावून घेणार, मग बाबा "पैसे लागले तर सांग" म्हणणार. माझ्या वाट्याला शेवटचं अर्धं मिनिट आलं. त्यात तू म्हणालास, "आई, मी मस्त आहे. गुडघापण एकदम मस्त."

दादू, गुडघ्याचं मी विचारलंच नव्हतं.

असो. हे पत्र गुडघ्याबद्दल नाही. तसं मी बाबांना कबूल केलंय.

घरचं सांगते. बुधवारी गणपती. मूर्ती कोणी आणायची यावर दोन दिवस काथ्याकूट चाललाय, कारण पाट धरणारा खडकवासल्याला एनडीएच्या सैनिकी अकादमीत जाऊन बसलाय आणि बाबांच्या खांद्याचं तुला माहीतच आहे. ताई म्हणाली मी आणते. आजी म्हणाली, मुलींनी आणलेला चालतो का? ताई म्हणाली, तुझ्या नातवाच्याच अकादमीतून मे महिन्यात 17 मुली पास आउट झाल्या, त्यांना काय काय चालतं ते विचारून ये. आजी गप्प. म्हणजे ताईच आणणार. कोरेगावचं एकदाचं मिटलं, सही झाली, मामा पेढे घेऊन आला होता. मोत्या अजून संध्याकाळी फाटकापाशी जाऊन बसतो. त्याला समजावणं मी सोडून दिलंय.

आता तुझं ते पुस्तक. टेबलावर अमेरिकेचा सेनापती आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या आयझेनहॉवरचं जाडजूड इंग्रजी चरित्र टाकून गेलास, परतीची तारीख 14 जुलै. ग्रंथपालाचा मुलगा म्हणून दंड माफ होत नाही. रोजचा एक रुपया, चाळीस दिवसांचे चाळीस रुपये मी काल माझ्या पर्समधून भरले आणि पावती सोबत पाठवतेय, निदान लाज तरी वाटू दे. पुस्तक कपाटात लावून टाकणार होते. पण पावसाळ्याच्या दुपारी वाचनालयात काळं कुत्रं नसतं, पेपर वाचणारे नेहमीचे चौघंही येत नाहीत. म्हणून उघडलं. तुझी खूण आतच होती, स्वारगेटच्या एसटीचं तिकीट. त्या पानावर काय, तर वेस्ट पॉइंट, म्हणजे अमेरिकेची सैनिकी अकादमी, साल 1912, फुटबॉलची मॅच आणि आयझेनहॉवरचा गुडघा.

म्हणजे तू हे वाचलं होतंस. वाचून तिथेच थांबला होतास. आणि आदल्या रात्री जेवताना मला काय ऐकवलंस? "सैन्यात गेलेला प्रत्येक जण हार घातलेल्या फोटोत जात नाही, आई. आयझेनहॉवर राष्ट्राध्यक्ष झाला." त्यावर मी म्हणाले, राष्ट्राध्यक्ष व्हायच्या आधी स्वतःचं ताट उचल. हे चुकलं नाही, ताट तू उचलत नाहीसच. चुकलं ते पुढचं. "मेडिकलला गुडघ्याचं सगळं खरं सांगितलंस ना?" असं मी विचारलं. तुझा चेहरा कसा झाला ते मला अजून दिसतं. तू खोटं बोलून आत शिरलास असं मला म्हणायचं नव्हतं रे. डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढले, पास केलं, मला ठाऊक आहे. पण तोंडातून गेलं ते गेलं.

आणि सकाळी मी गाडीपाशी आले नाही. दूध गॅसवर आहे, उतू जाईल, असं आतून ओरडले.

दादू, गॅस बंद होता.

त्या पुस्तकात मला ते राष्ट्राध्यक्षपद नंतर सापडलं, आधी त्याची आई सापडली. तिच्याबद्दल तू मला एक अक्षर सांगितलं नाहीस. आयडा तिचं नाव. जन्म 1862 चा, व्हर्जिनियातला, म्हणजे तिकडचं यादवी युद्ध ऐन भरात. तिच्या खोऱ्यातली शेतं आणि धान्याची कोठारं सैन्याने जाळली होती. आईवडील लवकर गेले. युद्धाचा तिला मनापासून तिटकारा, आणि धर्मपंथही शस्त्र न धरणाऱ्यांचा. कॅन्ससमधल्या ॲबिलीन गावात नवरा दूध-लोण्याच्या डेअरीत कामाला, घरात मुलगेच मुलगे. सात झाले, एक तान्हेपणीच गेला, सहा वाढले. हा तिसरा, ड्वाइट. नाव निवडतानाच तिने पाहिलं होतं म्हणे, की याचं तोडकं नाव कोणाला करता येऊ नये. तरी पोरांनी आडनाव मोडून "आइक" केलंच. मला एकटीला वाचनालयात बसून हसू आलं. मी अठरा वर्षं तुला दिवसातून पन्नास वेळा तेच म्हणत होते की, ऐक रे, ऐक.

तो वेस्ट पॉइंटला गेला तोही काही देशभक्तीने पेटून नाही. तिथे शिक्षण फुकट होतं, एवढंच. थोरल्या एडगरच्या कॉलेजचा खर्च निघावा म्हणून हा डेअरीत रात्रपाळी करत होता. खरं तर त्याला नौदलात जायचं होतं, तर वय उलटून गेलेलं निघालं. 1911 चा जून, वय वर्षं वीस. आईला सांगितलं. जिला बंदूक डोळ्यांसमोर नको, ती एवढंच म्हणाली की निर्णय तुझा आहे. ओसरीवर उभी राहून तिने त्याला निरोप दिला. मग आत आपल्या खोलीत गेली. धाकटा मिल्टन अकरा वर्षांचा, तो घरात होता. आईला रडताना त्याने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

हे वाचलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि बाहेर धो धो पाऊस. मी पुस्तक मिटलं, तारखेचे शिक्के उगाचच पुन्हा पुसले. ती ओसरीवर तरी आली होती.

बरं, आता तो गुडघा. मी तो विषय काढणार नव्हते, पण पुस्तकातच आहे त्याला मी काय करू?

वेस्ट पॉइंटच्या आधीही त्याचा एक गुडघा आहे, तो वाचलास का? चौदा-पंधरा वर्षांचा असताना पळताना पडला. नुसतं खरचटलं, रक्तही नाही. त्याला काय वाटलं, काही नाही, दुसऱ्या दिवशी शाळेत गेला. मग ताप चढला, बेशुद्धीत बरळायला लागला, पाय काळवंडत वर चालला. डॉक्टर म्हणाले, पाय कापावा लागेल. तर या पोराने शुद्धीत असताना एडगरकडून वचन घेतलं की माझा पाय कोणाला कापू देऊ नकोस. आणि एडगर दारात बसून राहिला. डॉक्टरांना हात लावू देईना. पाय वाचला. शाळेचं वर्ष बुडालं, पण पाय वाचला.

आता मला सांग, हे वाचताना मला पोवई नाक्याचा उतार दिसणार नाही तर काय दिसणार? तू पाचवीत. सायकल शेजारच्यांची, न विचारता घेतलेली. पडलास, आणि मला कळू नये म्हणून तीन दिवस फुल पँट घालून हिंडलास. तीन दिवस! मेमधल्या उकाड्यात. मी म्हणालेसुद्धा, काय रे, मोठा झालास, चड्डी नको वाटते आता? तू हसलास. चौथ्या रात्री अंग भाजत होतं. पँट कापून काढावी लागली, चिकटली होती. त्या वासाला मी आजही ओळखेन. अकरा दिवस दवाखान्यात, सलाईन, दिवसातून दोनदा ड्रेसिंग, आणि तू माझी साडी दातात धरून गप्प. सिस्टर म्हणाल्या, किती शहाणं मूल आहे, रडत नाही. मला तेव्हा अभिमान वाटला होता. आता वाटतं, रडायला शिकवायला हवं होतं.

निदान मला तुझ्याजवळ बसू दिलं. आयझेनहॉवरचा पहिला मुलगा तीन वर्षांचा होता, त्याला इकी म्हणायचे. कामाला ठेवलेल्या मुलीला नुकताच आजार होऊन गेला होता, तिच्याकडून याला स्कार्लेट फीवर लागला. संसर्ग होईल म्हणून बापाला आत सोडेनात, तो खिडकीतून हात हलवायचा. ख्रिसमसला तीनचाकी सायकल आणून ठेवली होती. 2 जानेवारी 1921 ला पोर गेलं. मेजर होता तेव्हा तो, आणि पुढची कित्येक वर्षं मेजरच राहिला. त्याची लोक चेष्टा करत असतील. मला नाही वाटत त्याला त्यानंतर चेष्टेचं काही वाटत असेल.

कुठे होते मी? 1912.

टफ्ट्स कॉलेजविरुद्धची मॅच, गुडघा मुरगळला, सुजला. थोडे दिवस दवाखान्यात, सोडलं. आणि इथे खरी मेख आहे, म्हणून नीट वाच. मॅचमध्ये तो गुडघा पुरता गेला नव्हता. काही दिवसांनी घोड्यावरच्या कसरतीत उडी मारून उतरला, तेव्हा गेला. दुखतंय म्हणाला असता तर कसरत टळली असती. फुटबॉल कायमचा बंद. इतका खचला की सोडूनच निघाला होता, मित्रांनी धरून ठेवला. 1915 ला शिक्षण पुरं झालं, 164 जणांत 61 वा, आणि तरी डॉक्टर कमिशन द्यायला का कू करायला लागले, या गुडघ्यावरून. त्याने काय ठरवलं माहितीये? नाही दिलं तर अर्जेंटिनाला जाऊ, तिकडच्या गुराख्यांबद्दल आपल्याला कुतूहल आहेच! मला हा माणूस तिथे आवडला. पण तू काही अर्जेंटिनाला जाणार नाहीस. तू घरी येशील आणि माळ्यावरच्या खोलीत दार लावून बसशील. बारावीच्या क्रिकेट सिलेक्शननंतर बसला होतास तसा.

याच महिन्यात पेपरात आलं. ट्रेनिंगमध्ये जायबंदी होऊन 1985 पासून पाचशेच्या आसपास कॅडेट घरी पाठवले गेले, आणि कमिशन झालेलं नसतं म्हणून ती मुलं माजी सैनिकही धरली जात नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आहे. बाबांनी ते पान दडवून ठेवलं होतं. ग्रंथपालापासून पेपर दडवतात! वाचनालयात तीन पेपर येतात, तिन्हीत होतं.

म्हणून सांगते, दुखलं तर दुखलं म्हण. तिथे डॉक्टर आहेत, त्यासाठीच आहेत. दोन दिवस सिक रिपोर्ट केलास तर आकाश कोसळत नाही. बरोबरची मुलं हसतील, हसू देत. रगडा, म्हणजे तुमची ती शिक्षेची कवायत, झाला तर झाला. पण आतल्या आत सूज घेऊन सिंहगड चढायचा नाही. सहा टर्म आहेत, पहिल्या दोन महिन्यांत कोणी सेनापती होत नाही. शूरपणा म्हणजे गप्प बसणं, हे तुमच्या डोक्यात कोणी घातलंय कोण जाणे. उलट जो सांगत नाही तो दुसऱ्यांना अडचणीत आणतो, तुझ्या भरवशावर मागे कोणी असेल आणि ऐन वेळी पाय दगा देईल, मग?

झालं. कीर्तन सुरू झालं. बघ, मी हेच करणार नव्हते. शाळेतल्या बाई झाले असते तर मुलं पळून गेली असती. माफ कर. तू रोज पहाटे उठतोस, पळतोस, एवढं सगळं पाठ करतोस, स्वतःचे बूट स्वतः चमकवतोस. ज्या मुलाला मी एक चहाची कपबशी विसळायला लावू शकले नाही! बाबा तुझा गणवेशातला फोटो ऑफिसात सगळ्यांना दाखवून आले. वर म्हणतात, कोणी तरी विचारलं म्हणून दाखवला. मीही वाचनालयात काउंटरच्या काचेखाली सरकवून ठेवलाय, पावतीपुस्तक बाजूला केलं की दिसतो असा. परवा एक आजोबा पेन्शनचे, त्यांनी बघितला आणि उभं राहून सॅल्यूट केला. मला काय बोलावं सुचेना. मी त्यांना त्यांचं मासिक दिलं.

पुढचं पुस्तक मी भराभरा वाचलं. लढायांचे नकाशे मला कळत नाहीत. पण दुसऱ्या महायुद्धातलं, 1944 च्या जूनमधलं एक पान दोनदा वाचलं. फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरवायच्या आदल्या दिवशी त्याने एक चिठ्ठी लिहून खिशातल्या पाकिटात ठेवली. मोहीम फसली तर जाहीर करायची. चारच वाक्यं, आणि त्यात, काही दोष असेल तर तो एकट्या माझा, अशा अर्थाचं. घाईत तारीख चुकली, जूनऐवजी जुलै टाकला. मी तारखेच्या शिक्क्यावरून शिपायाला किती बोलते, आणि हा लाखो माणसं समुद्रात ढकलणारा सेनापती महिना चुकतो. हात थरथरत असेल रे. त्याच संध्याकाळी तो विमानातून उड्या घेणाऱ्या पोरांना भेटायला ग्रीनहॅमच्या धावपट्टीवर गेला. चेहऱ्याला काळं फासलेली ती पोरं. एकेकाला विचारत होता, गाव कुठलं तुझं? यातली निम्म्याहून जास्त परत येणार नाहीत असं त्याच्याच हाताखालच्या एका बड्या अधिकाऱ्याने बजावलं होतं. तेवढी गेली नाहीत, पण हे त्याला तेव्हा कुठे ठाऊक होतं? विमानं उडेपर्यंत तो उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे 6 जूनला, त्याचा दुसरा मुलगा जॉन वेस्ट पॉइंटमधून पास आउट होत होता. समारंभाला आई होती, बाप समुद्राच्या पलीकडे.

आणि सप्टेंबरात, चिडू नकोस, परत गुडघा. छोटं विमान वादळात सापडलं, समुद्रकिनाऱ्यावर उतरवावं लागलं, भरतीचं पाणी यायला लागलं तेव्हा सरसेनापती साहेब स्वतः विमान ढकलायला उतरले. वाळूत पाय घसरला. प्लॅस्टर, अंथरूण. आठवड्याभराने ब्रुसेल्सला ब्रिटिश सेनापती मॉन्टगोमेरीशी महत्त्वाची बैठक, तर याला विमानातून उतरता येईना, मॉन्टगोमेरीलाच वर चढून यावं लागलं. चोपन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, इतका मोठा माणूस. पायलटला म्हणाला असता, "तू बघ," तर काय बिघडलं असतं? पण तुम्ही लोक म्हणणार नाही.

राष्ट्राध्यक्ष म्हणून तो मला सगळाच पटला असं नाही. त्याच्याच काळात इराणचं आणि ग्वाटेमालाचं सरकार त्यांच्या हेरखात्याने उलथवलं. आणि अण्णांचा तर त्याच्यावर वेगळाच राग. तुला अण्णा आठवतात का नीट? ते गेले तेव्हा तू चार वर्षांचा होतास. ते दिल्लीत सैन्याच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहनात होते तेव्हाची गोष्ट, डिसेंबर 1959. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष पहिल्यांदाच भारतात आलेला, दिल्लीत अशी गर्दी की गाडी पुढे सरकेना, नेहरू स्वतः खाली उतरून लोकांना मागे रेटत होते. अण्णा सुटी घेऊन बघायला गेले आणि त्यांनीही झेंडूची माळ फेकली. गाडीत फुलांचा ढीग झाला होता, हे ते दर वेळी हाताने उंची दाखवून सांगायचे. आणि दर वेळी पुढे पंजाबच्या सीमेवरचं खेमकरण यायचंच. 1965. समोरून आले ते पॅटन रणगाडे, अमेरिकेने 1954 पासून पाकिस्तानला दिलेल्या मदतीतले. ती शस्त्रं भारतावर वापरू देणार नाही असं आयझेनहॉवरने नेहरूंना लिहून कळवलं होतं. अण्णा म्हणायचे, "माझी झेंडूची माळ परत पाहिजे मला." आम्ही हसायचो. ते हसायचे नाहीत. तिथेच असल उत्तरच्या लढाईत त्या पॅटनची कशी वाताहत झाली ते तुला मी सांगायला नको, तुझ्या खोलीत तो फोटो आहे.

पण 1953 च्या एप्रिलमधलं त्याचं एक भाषण आहे, ते काढून वाच. राष्ट्राध्यक्ष होऊन तीन महिने झाले होते. त्यात तो हिशेब मांडतो की एका बॉम्बफेकी विमानाच्या किमतीत तीसहून जास्त शहरांत पक्की शाळा होते. बनवलेली प्रत्येक बंदूक म्हणजे भुकेल्यांच्या ताटातली चोरी आहे, असं म्हणतो. सेनापती म्हणतो हे! मला वाटलं, इथे ओसरीवरची आयडा बोलली. 1946 मध्येच ती गेली होती. तिला हे ऐकायला मिळालं नाही.

आणि एक गोष्ट मला रात्री झोप येईना तेव्हा सापडली. 1952 ला हा निवडून आला तेव्हा जॉन कोरियात लढाईवर होता. राष्ट्राध्यक्षाचा मुलगा शत्रूच्या हाती लागला तर सगळ्या देशाचे हात बांधले जातील, म्हणून बापाने एकच अट घातली की पकडला जाऊ नकोस. या वाक्याचा अर्थ काय होतो ते तू समज. मला लिहवत नाही. मग 20 जानेवारी 1953 ला शपथविधी, आणि जॉन तिथे हजर! कोणी बोलावलं? बापाने मावळत्या राष्ट्राध्यक्षांना, ट्रुमनना विचारलं. दोघांचं बिलकुल पटत नव्हतं, धड बोलतही नव्हते. ट्रुमननी सांगितलं की मी बोलावलं. बस. भांडण आपल्या जागी, पण मुलगा बापाजवळ असावा हे त्याला कळलं.

मी तर तुझी आई आहे, आणि मी भांडण घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिले.

तुझी माझ्यावर किती चीड असेल मला माहीत नाही. फोनवर आवाज नेहमीसारखा होता, पण तो तुझा फुल पँटमधला आवाज पण नेहमीसारखाच होता, म्हणून मला भरवसा वाटत नाही. "गुडघा मस्त" हे तू मला बरं वाटावं म्हणून म्हणालास, की ताईने तुला आधीच सांगून ठेवलं होतं, की खरंच काही झालंय? तीनपैकी काय ते लिही. एका ओळीत लिही. फोनवर नको, तिथे मागे मुलं उभी असतात. आणि लिहिलंस की मी आरडाओरडा करणार नाही, खडकवासल्याला गाडी काढून येणार नाही, बाबांनाही सांगायचं नसेल तर सांगणार नाही. एडगर दारात बसला होता ना, तशी गप्प बसेन.

सोबत क्रेप बँडेज दोन, घडी करून पाकिटात मावली. आत घेऊ देतात की नाही देव जाणे. मोदक पाठवता येत नाहीत, ताई म्हणते तुम्हाला तिथे त्या दिवशी गोड मिळतं. आरती आम्ही साडेसातला करू. त्या वेळी तू कुठे असशील ते कळव, म्हणजे मला डोळ्यांसमोर आणता येईल.

तीन वर्षांनी तुमचं पासिंग आउट. मी येणार आहे. दूध उतू गेलं तरी.

आजीचा आशीर्वाद, ताई लिहिणार आहे वेगळं, बाबा म्हणतात पैसे लागले तर सांग.

तुझी,
आई

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी आठवलं. तिथे तुम्हाला सगळीकडे सायकलवर जावं लागतं असं तू म्हणाला होतास. उतरताना आधी उजवा पाय टेकव. तो आयझेनहॉवर घोड्यावरून उतरताना कुठल्या पायावर आला हे मी दोनदा शोधलं. तुझा डावा आहे, एवढं मला पुरे.